साउंडबारचा आवाज नेमका येतो कुठून?

विंचूरच्या उपबाजार आवारात कांद्याचा लिलाव चालू असताना एकदा डोळे मिटून उभे राहून बघा. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअपच्या रांगा लागलेल्या असतात. समोर दोन-तीन ट्रॉल्यांपलीकडे भाव पुकारला जात असतो, पाठीमागे कुणी ट्रॅक्टर सुरू करतो, डावीकडे चहाच्या टपरीवर पेले खणखणतात. डोळे न उघडता तुम्ही प्रत्येक आवाजाकडे बोट दाखवू शकता. एवढ्या गलबल्यात पुकारलेला भावाचा आकडाही तुमच्या कानातून सुटत नाही.

संध्याकाळी तेच कान घेऊन घरी टीव्हीसमोर बसलात की मात्र पंचाईत होते. पडदा ४३ इंची, चित्र लख्ख, पण नायक जरा हळू बोलला की आजी शेजारी बसलेल्याला विचारते, "काय म्हणाला रे तो?" आवाज वाढवला तर पुढच्याच क्षणी गाणे किंवा मारामारी सुरू होते आणि रिमोटसाठी हात धावतो. मग लासलगावहून किंवा नाशिकहून घरात साउंडबार येतो. हातभर लांबीची काळी पट्टी टीव्हीखाली ठेवतात, सोबत आलेला घुमाऱ्याचा डबा कोपऱ्यात जातो, आणि दिवाळीत सगळे मिळून सिनेमा बघतात. पाऊस पाठीमागे पडल्यासारखा वाटतो. पाठीमागे तर भिंतच आहे. मग तो आवाज आला कुठून? आणि त्याच बारला टीव्ही ब्लूटूथने जोडला तेव्हा ओठ आधी हलून शब्द नंतर का आले?

चपटा टीव्ही, चपटा आवाज

आवाज म्हणजे हवेला दिलेले धक्के. स्पीकरचा पडदा पुढेमागे हलतो आणि हवा ढकलतो. सेकंदाला जितके धक्के, तितके हर्ट्झ. डग्ग्याचा घुमारा साधारण शंभर हर्ट्झच्या आसपासचा, तर झांजेची किणकिण काही हजार हर्ट्झची. खालचा, भरीव आवाज काढायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते. चूल पेटवायला फुंकणी पुरते, पण उफणणीला वारा घालायचा तर मोठे सूप किंवा पंखाच लागतो. तसेच हे आहे.

जुन्या डबा टीव्हीत मागे हातभर पोकळी असायची आणि स्पीकर समोर तोंड करून बसवलेला असायचा. आताचा टीव्ही दोन-तीन बोटे जाड. त्यात मावतो तो फुंकणीएवढा स्पीकर, आणि तोही बहुधा खाली किंवा मागे तोंड करून. आवाज आधी टेबलावर किंवा भिंतीवर आपटतो, मग आपल्याकडे येतो.

या आपटण्यात हरवतात ती व्यंजने. आपल्या बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि अर्थ बराचसा व्यंजनांत. 'काप' आणि 'ताप' यांत फरक आहे तो सुरुवातीच्या क्षणभराच्या आवाजाचा. क, त, च, स यांची ओळख पटवणाऱ्या बारीक लहरी दोन हजार हर्ट्झच्या आसपास आणि त्यावर असतात. अशा उंच स्वराच्या लहरी बॅटरीच्या झोतासारख्या सरळ जातात. स्पीकरचे तोंड दुसरीकडे असले की त्या आपल्यापर्यंत पुसट होऊन येतात. वयोमानाने कानही आधी याच लहरींना मुकतात. म्हणून आजीची तक्रार खरी असते. आवाज कमी असतो असे नाही, तो अस्पष्ट असतो.

दुसरे कारण सिनेमात आहे. चित्रपटगृहासाठी आवाज तयार करताना संवाद बहुतेक वेळा मधल्या वेगळ्या स्पीकरला दिलेला असतो, संगीत डावी-उजवीकडे, आणि वातावरणाचे आवाज बाजूंना व मागे. टीव्ही हे सगळे आपल्या दोन बारक्या स्पीकरांत कोंबतो. सहा पोत्यांचा माल दोन पोत्यांत भरल्यावर खाली गेलेला सापडत नाही. इथे खाली जातो तो संवाद.

दोन कानांचा हिशेब

आता लिलावाकडे परत जाऊ. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी पोचतो आणि उजव्याला जरा उशिरा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो आणि मधे असते फक्त आपले डोके, म्हणून हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा असतो. मेंदू एवढा बारीक फरक मोजतो. शिवाय डोक्याच्या आडोशामुळे दूरच्या कानाला उंच आवाज थोडा दबका ऐकू येतो, तेही मेंदू टिपतो. आवाज पुढून आहे की मागून, वरून की खालून, हे कानाच्या पाळीच्या घड्या सांगतात. प्रत्येक दिशेचा आवाज या घड्यांतून थोडा वेगळा रंग घेऊन आत जातो आणि लहानपणापासून आपला मेंदू ते रंग पाठ करत आलेला असतो.

सिनेमाला हा दिशेचा हिशेब साधायला मात्र वेळ लागला. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लोकांसमोर आला तेव्हा चित्राला आवाजच नव्हता. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि पडदा बोलू लागला, पण त्या काळातला आवाज एकमार्गी होता. नट पडद्याच्या कुठल्याही टोकाला गेला तरी शब्द एकाच जागेहून यायचे. त्याच वर्षी डिसेंबरात इंग्लंडमध्ये ॲलन ब्लुमलाइन या अभियंत्याने दोन स्पीकरांतून आवाज पसरवण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. तीच पुढे स्टिरिओ म्हणून रूढ झाली. डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून एकसारखा आवाज सोडला, तर ऐकणाऱ्याला तो दोघांच्या मधोमध, जिथे काहीच नाही तिथून आल्यासारखा वाटतो. कानाला अशी हुलकावणी देता येते, हे तेव्हा कळले. साउंडबार उभा आहे तो याच पायावर.

पट्टी काय करते

साउंडबारची अडचण उघड आहे. डावा आणि उजवा स्पीकर एकमेकांपासून हातभर अंतरावर. एवढ्याशा अंतरात रुंदी कुठून आणायची? त्यासाठी दोन युक्त्या वापरतात.

पहिली युक्ती भिंतीवरून आवाज उसळवण्याची. शांत विहिरीत काठावरून ओळीने दहा जणांनी एकाच क्षणी खडे टाकले तर लाट सरळ पुढे जाईल. पण डावीकडच्याने आधी, त्याच्या शेजारच्याने किंचित नंतर, असे क्रमाने टाकले तर लाटेचे तोंड उजवीकडे वळेल. पट्टीतल्या बारक्या स्पीकरांच्या रांगेत हेच करतात. दोन स्पीकर चार सेंटिमीटर अंतरावर असतील आणि झोत ४५ अंशांत वळवायचा असेल, तर शेजारच्या स्पीकरला सेकंदाच्या सुमारे १२ हजाराव्या भागाइतका उशीर लावायचा. वळलेला झोत बाजूच्या भिंतीवर आपटतो आणि तिथून तुमच्या कानात येतो. मेंदूला वाटते, आवाज भिंतीकडूनच आला. सुमारे वीस वर्षांपूर्वी यामाहाने बाजारात आणलेल्या अशा एका पट्टीत याच कामासाठी चाळीस छोटे स्पीकर ओळीने बसवले होते.

दुसरी युक्ती पाळीच्या घड्यांची नक्कल करण्याची. मागून आलेल्या आवाजाला पाळी जो रंग देते, तोच रंग आतली चिप आधीच समोरच्या आवाजाला देऊन टाकते. मेंदू पाठ केलेला धडा आठवतो आणि फसतो. मात्र धडा सरासरी कानासाठी लिहिलेला असतो, तुमच्या कानासाठी नव्हे. म्हणून एकाच सोफ्यावर बसलेल्या दोघांपैकी एकाला पाऊस पाठीमागे वाटतो आणि दुसऱ्याला टीव्हीतच.

उरला कोपऱ्यातला डबा, म्हणजे सबवूफर. लग्नाची वरात दोन गल्ल्या लांब असताना गाणे कळत नाही, नुसते 'धम् धम्' ऐकू येते. त्याचे कारण लहरींची लांबी. दहा हजार हर्ट्झची लहर साडेतीन सेंटिमीटरचीही नसते, तर शंभर हर्ट्झची साडेतीन मीटरच्या आसपास. एवढी लांब लहर घराला वळसा घालून जाते. तिच्या मानाने आपले डोके इतके लहान की दोन्ही कानांना ती सारखीच पोचते आणि दिशेचा हिशेब जमत नाही. त्यामुळे सबवूफर टीव्हीपासून थोडा दूर ठेवला तरी घुमारा पडद्यातूनच आल्यासारखा वाटतो. कांद्याची प्रतवारी करताना गोल्टी वेगळी आणि मोठा कांदा वेगळा काढतात ना, तशी बारमधली चिप आवाजाची प्रतवारी करते: बारीक माल पट्टीकडे, जाड माल डब्याकडे.

[चौकट] खोक्यावरचे आकडे

२.१ : डावा आणि उजवा असे दोन मार्ग, अधिक एक सबवूफर.
३.१ : त्यात संवादासाठी मधला मार्ग जास्तीचा.
५.१ : शिवाय बाजूचे किंवा मागचे दोन. ते खरे वेगळे स्पीकर आहेत की पट्टीतूनच भासवलेले, हे दुकानदाराला विचारावे.
तिसरा आकडा (३.१.२) : वर तोंड करून छतावरून आवाज उसळवणारे स्पीकर.
वॅट : 'आरएमएस' हा सतत पेलणाऱ्या शक्तीचा आकडा, तो पाहावा. 'पीएमपीओ' या फुगवलेल्या आकड्याला अर्थ नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते.
[चौकट समाप्त]

'डॉल्बी' म्हणजे काय

खोक्यावर आणखी एक शब्द असतो, डॉल्बी. आपल्याकडे त्याचा अर्थ मिरवणुकीतल्या स्पीकरांच्या भिंती असा होऊन बसला आहे. पण ते एका माणसाचे आडनाव आहे. रे डॉल्बी हे अमेरिकी अभियंते १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते आणि चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत काम करत होते. टेपवर ध्वनिमुद्रण केल्यावर मागे जी 'स्स्स' अशी खरखर राहते, ती कशी घालवायची याचा विचार त्यांनी याच काळात केला. १९६५ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी कंपनी काढली, ती नको असलेला आवाज कमी करण्यासाठी. आज साउंडबारवर डॉल्बी लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ, ती पट्टी त्या कंपनीच्या पद्धतीने बांधलेला आवाज उलगडू शकते, एवढाच. जोराशी त्याचा संबंध नाही.

बिनतारी म्हणजे कुठली तार नाही?

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. साउंडबारच्या घरात बिनतारी नाती दोन-तीन प्रकारची असतात. पट्टी आणि सबवूफर यांच्यातले एक, मोबाइल किंवा टीव्ही आणि पट्टी यांच्यातले ब्लूटूथचे दुसरे, काही महाग बारमध्ये वायफायचे तिसरे. यांतल्या कशातही विजेची तार वाचत नाही. सबवूफर 'वायरलेस' असला तरी त्याला स्वतःचा प्लग लागतो. बिनतारी जातो तो फक्त आवाजाचा निरोप.

तो निरोप जातो कसा? आधी आवाजाचे आकडे केले जातात, ते दाबून लहान केले जातात, त्यांची छोटी पुडकी बांधली जातात आणि रेडिओलहरींवरून पाठवली जातात. ब्लूटूथच्या या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. त्याच पट्ट्यात घरातला वायफाय असतो, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही तिथेच. एवढ्या गर्दीत वाट काढण्यासाठी आवाज नेणारे नेहमीचे ब्लूटूथ एकाच मार्गावर थांबत नाही. ७९ मार्गिकांपैकी एकीवरून दुसरीवर ते सेकंदाला १६०० वेळा उडी मारते. उड्यांचा क्रम दोन्ही टोकांना आधीच ठाऊक असतो. ही कल्पना दुसऱ्या महायुद्धात पाणतीरांना मिळणारे रेडिओ-आदेश शत्रूला अडवता येऊ नयेत म्हणून पुढे आली होती, आणि १९४२ साली तिचे एक पेटंट मिळाले ते हेडी लामार या हॉलिवूडच्या अभिनेत्रीला आणि जॉर्ज अँथाइल या संगीतकाराला. ज्या सिनेमाचा आवाज आपण आज बिनतारी ऐकतो, त्याच सिनेमातल्या एका बाईचा या विद्येत वाटा आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

उड्या मारूनही काही पुडकी वाटेत हरवतात आणि पुन्हा मागवावी लागतात. तेवढ्यात आवाज तुटू नये म्हणून बार थोडा माल साठवून ठेवतो. विंचूरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवला की शेतातली काढणी संपली तरी बाजारात माल पाठवता येतो. बारमधली ही चाळ सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी, कधी पाव सेकंदाएवढी असते. आलेले पुडके लगेच वाजत नाही, आधी चाळीत पडते. चित्र मात्र थांबलेले नसते. ओठ आणि शब्द यांची ताटातूट होते ती इथे.

ही ताटातूट किती खपते याचे आंतरराष्ट्रीय माप आहे. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला ते कळते, पण उशिरा आला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत चालून जाते. उशीर का खपतो? कारण निसर्गात आवाज नेहमी मागूनच येतो. पलीकडच्या बांधावर कुणी कुऱ्हाड चालवत असेल तर घाव आधी दिसतो, आवाज नंतर येतो. १२५ मिलिसेकंदांत ध्वनी जवळजवळ ४३ मीटर जातो. तेवढ्या लांबच्या घावाची आपल्याला सवय आहे. आवाज आधी आणि घाव नंतर, असे कुणी कधी पाहिलेले नाही.

म्हणून माझा सल्ला असा: टीव्ही आणि बार यांच्यामध्ये तार जोडावी. टीव्हीच्या मागे 'एचडीएमआय' लिहिलेल्या खाचांपैकी एकीवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' असे छापलेले असते. २००९ मध्ये एआरसीच्या रूपात आलेल्या या सोयीमुळे आवाज टीव्हीतून उलट बारकडे येतो आणि एकाच रिमोटने दोन्ही चालतात. तार त्याच खाचेत जायला हवी. शेजारच्या खाचेत घातली तर आवाज येत नाही आणि बार बिघडला असे समजून तो दुकानात परत जातो. एआरसी नसेल तर प्रकाशाने आवाज नेणारी ऑप्टिकल तार चालते. ब्लूटूथ ठेवावे ते मोबाइलवरच्या गाण्यांसाठी, कारण गाण्याला ओठ जुळवायचे नसतात. तार ओढणे शक्यच नसेल, तर टीव्हीच्या किंवा बारच्या सेटिंगमध्ये आवाज मागेपुढे करण्याची सोय आहे का ते पाहावे.

अर्धा स्पीकर म्हणजे खोली

बैठकीच्या खोलीत मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीला शेपटी फुटली, 'टण्ण' असा आवाज रेंगाळला, तर कितीही महाग बार आणला तरी संवाद पुसटच राहणार. स्लॅबचे घर, गिलाव्याच्या उघड्या भिंती, खाली गुळगुळीत फरशी: प्रत्येक पृष्ठभाग आवाज परत फेकतो आणि नवा शब्द जुन्या शब्दाच्या प्रतिध्वनीवर आदळतो.

सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या विंचूर गावात जुन्या धाटणीच्या घरांची आठवण अनेकांना असेल. मातीच्या भिंती, सारवलेली जमीन, लाकडी तक्तपोशी, खुंट्यांवर कपडे. त्या घरांत बोलणे कानाला मऊ लागायचे, कारण खडबडीत आणि मऊ गोष्टी आवाज पिऊन टाकतात. नव्या घरात तेच काम गोधडी करते. बार ठेवला आहे त्याच्या समोर जमिनीवर सतरंजी किंवा गोधडी अंथरा, खिडकीला जाड पडदा लावा, सोफ्यामागच्या उघड्या भिंतीवर कापडाचे काही टांगा. पुन्हा टाळी वाजवा. फरक लगेच कळेल, आणि खर्च जवळजवळ काही नाही.

विंचूर आणि आसपासच्या घरांची आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. अनेक घरांत बैठक एका बाजूने ओट्याकडे किंवा पडवीकडे उघडी असते. तिकडे गेलेला झोत परत येत नाही, तो अंगणात जातो. छत उतरत्या पत्र्याचे असेल तर वर पाठवलेला आवाज भलतीकडे घसरतो, शिवाय सबवूफरच्या घुमाऱ्याने पत्रा थरथरतो. अशा घरात छतावरून आवाज उसळवणाऱ्या बारसाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत. तिथे संवादाचा मधला मार्ग असलेला साधा ३.१ बार जास्त उपयोगी. दोन्ही बाजूंना भिंती आणि वर सपाट स्लॅब असलेल्या चौकोनी खोलीत मात्र भिंतीवर उसळणारा आवाज खरोखर चकित करतो.

बार शोकेसच्या कप्प्यात कोंबू नये. बाजूला फळी आली की झोत तिथेच अडतो. तो टीव्हीखाली, कडेला पुढे काढून, बसल्यावर कानाच्या उंचीच्या शक्य तितका जवळ असावा. सबवूफर कोपऱ्यात घातला की घुमारा वाढतो, पण बहुधा गढूळ होतो. बारा फुटी खोलीत सुमारे ४७ हर्ट्झच्या लहरीचा बरोबर अर्धा भाग दोन भिंतींमध्ये बसतो. त्यामुळे तो स्वर भिंतीजवळ दणकतो आणि खोलीच्या मध्यावर नाहीसा होतो. योग्य जागा शोधायची तर सबवूफर थोडा वेळ तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, घुमाऱ्याचे गाणे लावा आणि भिंतीच्या कडेने गुडघ्यावर रांगत ऐका. जिथे घुमारा भरीव आणि स्वच्छ वाटेल, तिथे डबा ठेवा. लहान मुले या कामात आनंदाने मदत करतात.

जागा ठरली तरी एक काळजी उरते: वळवाच्या पावसाचे दिवस आले की, वीज कडाडू लागण्याआधीच बार, सबवूफर आणि टीव्ही यांचे प्लग काढावेत, डिशची तारही सोडवावी. नुसते रिमोटने बंद करून उपकरण वाचत नाही.

विकत घेताना आणि रात्री

दुकानात बार नेहमी मोठ्या आवाजात, धडाक्याचे दृश्य लावून दाखवतात. तिथे कोणताही बार चांगला वाटतो. तुम्ही आवाज निम्म्याहून खाली आणायला सांगा आणि दोन माणसे हळू बोलत असलेला मराठी प्रसंग लावा. शब्द न् शब्द कळला तर तो बार घ्या. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बरोबर नेता आले तर फारच चांगले. खरी परीक्षा त्यांच्याच कानांची आहे.

आणि रात्रीचे एक. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रहिवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. संवाद भिंतीआड फारसे जात नाहीत, सबवूफरचा घुमारा मात्र सामाईक भिंतीतून थेट शेजारच्या उशाशी पोचतो. बहुतेक बारमध्ये 'नाइट मोड' असतो, तो लावा. नसेल तर दहा वाजले की सबवूफरचा प्लग काढून ठेवा. नायक काय म्हणाला ते आजीला तरीही ऐकू येईल.